पंखवाला मार्तंड

इंदुरातल्या जुनी इंदूर या वस्तीत जयसिंगराव मोहित्यांच्या घरी कुणी पहिल्यांदा गेलं, की चहाच्या आधी देव दाखवला जायचा. घर काही फार जुनंपुराणं नव्हे. तीन मजली सिमेंटचं, खाली झेरॉक्सचं दुकान, वर गच्चीत धुणं आणि टीव्हीची छत्री. पण दुसऱ्या मजल्यावरच्या देवघरात, चांदीच्या चौकोनी टाकांच्या रांगेत, मधोमध एक सोन्याचा गोल टाक बसलेला होता. त्याची कथा ऐकल्याशिवाय त्या घरातला चहा आजवर कुणाच्या घशाखाली उतरलेला नाही.

जयसिंगराव शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते. रिटायर झाले, खडू सुटला, सांगायची खोड काही सुटली नाही. टाक तळहातावर घ्यायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि सुरू.

"हा आमचा मार्तंड. हातात भाला बघा. पायाखाली मणी दैत्य, ही त्याची शेपटी. घोडा का नाही? कारण आमचे पूर्वज होळकरांच्या पायदळात. शिपाई पायी, तर देवही पायी. आणि खांद्यांमागे हे दोन लोट दिसताहेत ना, तो उधळलेला भंडारा."

मग टाक उलटा व्हायचा. मागच्या बाजूला पालखी होती. पालखीचा दांडा आडवा सोडून उभा का, असं एका जावयाने एकदा विचारलं होतं. जयसिंगराव क्षणभरही अडखळले नाहीत. "गड चढतेय ना पालखी, म्हणून," म्हणाले. जावयाने मान डोलावली. जावयाने काय करावं दुसरं?

टाकाला वरच्या कडेला एक भोक होतं. घरात कुणी आजारी पडलं, की तो पिवळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात बांधायचा, ही जयसिंगरावांच्या आईने, गंगूबाईंनी घालून दिलेली रीत. डॉक्टरचं औषध चालू असायचंच, पण टाकाशिवाय ते लागू पडत नाही अशी सगळ्यांची समजूत होती. जयसिंगराव तर शाळेतही त्या टाकाचं चित्र फळ्यावर काढायचे. गोलात माणूस बसवायचा तर कसा, हे पोरांना शिकवायला त्याच्याइतका चांगला नमुना नाही, म्हणायचे. भाला तिरपा, शेपटीचं वेटोळं खाली, दोन लोट वर, आणि वाटोळ्यात कुठे रिकामी जागा म्हणून नाही.

असा सगळा आनंदीआनंद चालू होता. आणि मग चंपाषष्ठी पंधरवड्यावर आली असताना, दुपारच्या चहाला, फोन टणटणला.

ऋजुता म्हणजे जयसिंगरावांच्या धाकट्या भावाची, मोहनची मुलगी. शिकायला इंग्लंडला गेलेली. तिने 'मोहिते परिवार' नावाच्या ग्रुपवर एका काचेच्या पेटीचा फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, "मोठे बाबा, आपला मार्तंड इथे काय करतोय?"

जयसिंगरावांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. घरचा टाक पिढ्यान्‌पिढ्या घासून घासून बराचसा गुळगुळीत झालेला, हा मात्र काल टाकसाळीतून निघाल्यासारखा कोरा. तोच भाला, तीच शेपटी. पण खांद्यांमागे लोट नव्हते. पंख होते. एकेक पीस मोजून घ्यावं असे स्वच्छ पंख. शेजारी त्याची मागची बाजूही ठेवली होती, आणि तिथे पालखी नव्हतीच. ते गलबत होतं. ज्याला ते इतकी वर्षं दांडा म्हणत आले, ती गलबताची डोलकाठी होती, आणि ती डोलकाठी म्हणजे चक्क क्रूस होता.

त्यांनी कप खाली ठेवला आणि गच्चीत जाऊन ऋजुताला फोन लावला.

"ऋजू, आधी तो फोटो ग्रुपवरून काढ."

"क्यों, मोठे बाबा? मस्त आहे की."

"काढ म्हणतो ना. तुझ्या मोठ्या आईने अजून बघितला नाही."

तिने काढला. मग व्हिडिओ लावून म्यूझियममध्ये फिरवत फिरवत दाखवायला लागली. हे नाणं आहे, सोन्याचं, साडेपाचशे वर्षांपूर्वीचं. नाव एंजल. पंखवाला आहे तो त्यांचा देवदूत, मायकल, आणि खाली मरतोय तो ड्रॅगन. गलबताभोवतीची अक्षरं लॅटिन आहेत. तुझ्या क्रुसाने आम्हांला तार, असा काहीतरी अर्थ इथे लिहिलाय.

जयसिंगराव पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर मटकन बसले. पण मास्तर तो मास्तर. बसल्या बसल्या म्हणाले, "बाजूचं कोणतं आहे ते? जरा जवळ घे."

बाजूला नोबल नावाचं त्याहून जुनं नाणं होतं. त्यावर गलबतात राजा उभा, एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल, आणि राजा गलबतापेक्षा मोठा. "हा बसला तर बुडेल की रे सगळं," जयसिंगराव पुटपुटले. पुढे एकाच्या गलबतावर टपोरा गुलाब फुललेला. त्याच्या पलीकडे नुसतं चित्र लावलेलं होतं, कारण खरी नाणी हाताच्या बोटांवर उरलीत म्हणे. त्या चित्रात एक मुकुट घातलेला बिबट्या होता, आणि त्याने राजाचं निशाण गळ्याभोवती उपरण्यासारखं बांधलं होतं. जयसिंगरावांना हसू आलं. कोण कुठला कारागीर, पण एवढ्याशा गोलात बिबट्याला उपरणं घालायची त्याची हौस त्यांना फार आवडली. मग आपण कशाला हसतोय ते आठवलं आणि हसू जिरलं.

"आपल्याला भोक आहे, ऋजू. त्यांच्याला आहे का?"

"ना. याला तर नाही. विचारते इथे कुणाला तरी."

दुसऱ्या दिवशी मोहन बेटम्याहून आला. तिथे त्याचं खत-बियाण्याचं दुकान. येताना पिशवीभर गराडू, म्हणजे तळून खायचे कंद, आणले होते, पण चेहरा गराडूंचा नव्हता. फोटो पुसायच्या आत त्याने बघितला होता. वहिनी बाजारात गेलीय हे बघून त्याने विषय काढला.

"दादा, ये तो लफडा हो गया. महिदपूरला आपले लोक इंग्रजांशी लढले, आणि आपण घरात इंग्रजांचंच नाणं पूजत बसलो? पूर्वज डोकं आपटत असतील वर."

"लुटीत आलं असेल. शिपायाला लुटीत काय काय मिळतं."

"मिळू दे ना, मी कुठे नाही म्हणतो? जुनी चीज आहे, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू. मी सोनाराकडून नवा टाक करून आणतो चांदीचा. घोड्यासकट. चंपाषष्ठीला तो बसव, बात खतम."

मोहन वाईट माणूस नव्हता. म्हणत होता ते बरोबरही होतं, म्हणूनच जयसिंगरावांना ते लागलं. इंग्रजांचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांना आठवत होता यशवर्धन. हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो लहान असताना टायफॉइडने असा काही पिवळा पडला होता, की डॉक्टरही नजर चुकवायला लागले. तेव्हा जयसिंगराव त्याच्या खाटेशी बसून त्याच्या गळ्यातल्या टाकाला हात जोडून म्हणत होते, मार्तंडा, पोराला सांभाळ. पोरगा वाचला. पण मग ती हाक गेली कुणाकडे? भलत्याच घरचं दार आपण जन्मभर वाजवत होतो का? हा एक प्रश्न त्यांच्या छातीत जाऊन बसला आणि हलेना.

"आण तू नवा टाक," ते मोहनला म्हणाले. "तुझ्या वहिनीला मी सांगतो."

सांगतो म्हणाले, पण सांगतात कसले. सकाळी आंघोळ झाली की त्यांना कंबरदुखी आठवायची. "पूजा आज तूच कर," म्हणून पेपर उघडायचे आणि उलटा धरायचे. संध्याकाळी दिवा लागायच्या वेळी नेमकं त्यांना खाली झेरॉक्सवाल्याशी बोलायचं असायचं. घरी पाहुणे आले, त्यांना चहा आधी मिळाला आणि देव मिळालाच नाही, तेव्हा पाहुण्यांनाही काहीतरी बिनसलंय हे कळलं. ऋजुताचे मेसेज येत होते. जयसिंगरावांनी ते उघडायचंच सोडून दिलं. आणखी काय नवीन ऐकायचं होतं त्यांना? चंपाषष्ठीला तळी उचलायचा मान घरात थोरल्याचा. तळी म्हणजे नारळ, विड्याची पानं आणि भंडारा घातलेलं ताट, मधे टाक, आणि ते उचलून देवाचा गजर. आजवर त्यांचा आवाज चौकापर्यंत जायचा. यंदा नव्या कोऱ्या टाकापुढे तो निघेल की नाही, याचीच त्यांना धास्ती होती. ज्याच्याशी आयुष्यभर बोललो तो लॉकरमध्ये, आणि ज्याची ओळखही नाही तो ताटात.

प्रमोदिनीबाई, म्हणजे त्यांची बायको, हे सगळं बघत होती.  गरम पाण्याची पिशवी रोज कंबरेला लावायला आणून द्यायची.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी सकाळी नात उठली ती गाल धरूनच. रुची, यशवर्धनची मुलगी, पहिलीत. डावा गाल आणि कानाखालचा गळा टम्म फुगलेला. यशवर्धन आणि त्याची बायको क्षितिजा तिला अन्नपूर्णा भागातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. ते म्हणाले, मम्प्स आहे, म्हणजे गालगुंड, घाबरण्यासारखं काही नाही, शाळा बंद, पातळ खायला घाला, ताप वाढला तर सांगा. दुपारी ताप वाढला. रुची सुपाची वाटी लोटून द्यायला लागली, आणि गिळताना दुखतं म्हणून मुसमुसायला लागली.

प्रमोदिनीबाई देवघरात गेली, टाक उचलला, दोरा हळदीत भिजवला आणि येऊन रुचीच्या उशाशी बसली. जयसिंगराव दारात उभे होते. आता गप्प राहणं म्हणजे पोरीच्या गळ्यात खोटं बांधू देणं, असं त्यांना वाटलं आणि तोंडून निघून गेलं.

"थांब, प्रमोदिनी. तो मार्तंड नाही."

"बरं," ती म्हणाली. "दोऱ्याचं हे टोक धरा जरा. गाठ सुटतेय."

"अगं, ऐक तरी. ते नाणं आहे. इंग्लंडचं. त्याला पंख आहेत."

"आहेतच की. लग्न होऊन आले तेव्हापासून दर दसऱ्याला मीच रिठ्याने घासतेय, मला नाही कळणार? भंडाऱ्याच्या लोटाला कधी पिसं असतात का? तुम्ही धरा ना ते टोक."

जयसिंगरावांनी टोक धरलं. 

"आणि ती पालखी?"

"नाव आहे ती. मी सासूबाईंना विचारलं होतं, पहिल्याच वर्षी. त्या म्हणाल्या, अगं, असेल कुणाचातरी देव, वाट चुकून आपल्याकडे आला. आलेल्याला उपाशी ठेवतात का? आपण आपलं नाव दिलं, आपल्यात बसवलं. आता तो आपला."

"मग मला का नाही सांगितलंत दोघींनी?"

"तुम्ही इतकं रंगवून सांगायचात. पालखी गड चढतेय म्हणालात तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून हसत होत्या. म्हणाल्या, राहू दे, पोराला मजा येतेय." गाठ बसली. तिने नाणं रुचीच्या फुगलेल्या गळ्यावर नीट ठेवलं. "आता ती कंबर पुरे करा. पिशवी फाटायला आलीय."

जयसिंगराव खाटेच्या कडेला बसले. त्यांना लाज वाटत होती, आणि त्या लाजेच्या खाली कुठेतरी फार बरंही वाटत होतं. पण छातीतला प्रश्न अजून जागेवरच होता. हाक कुणाकडे गेली?

क्षितिजा खाटेच्या पायगतीला उभी राहून सगळं ऐकत होती. ती सांगलीची, इंदुरात नोकरीसाठी आली आणि इथलीच झाली. "बाबा," ती म्हणाली, "ऋजुता मला कालच विचारत होती, मोठे बाबा मेसेज का बघत नाहीत. भोकाबद्दल तिने काहीतरी पाठवलंय म्हणाली."

"तूच वाच. माझ्याच्याने होत नाही."

क्षितिजाने त्यांचा फोन घेतला, आवाजाचा मेसेज होता तो लावला. ऋजुताचा आवाज खोलीत आला, मागे म्यूझियममधली कुजबुज.

"मोठे बाबा, भोक का है ना, मिळालं उत्तर. इथल्या मॅडम सांगत होत्या. इकडे लोक मानायचे की राजाचा हात लागला की गंडमाळ बरी होते. गळ्याला गाठी येतात, सूज येते, ती. तर आजारी लोक यायचे, राजा त्यांच्या गळ्यावरून हात फिरवायचा आणि मग हेच नाणं, हाच एंजल, भोक पाडून फितीत ओवून त्यांच्या गळ्यात घालायचा. मग ते लोक गळ्यातून काढायचेच नाहीत. मॅडम म्हणाल्या, तुमच्या नाण्याला भोक असेल तर बहुतेक ते कुणाच्यातरी गळ्यात होतं. सुनो ना, आपण पण तर तेच करतो."

मेसेज संपला. रुचीने डोळे उघडले होते. नाणं गार लागत असावं, कारण तिने ते उचलून फुगलेल्या गालावर धरलं.

प्रमोदिनीबाईने नवऱ्याला विचारलं, "त्या नावेभोवती झिजलेली अक्षरं आहेत, त्यांत काय लिहिलंय म्हणाला होतात?"

"मी कुठे म्हणालो? तुला मी काहीच सांगितलं नव्हतं."

"मग आता सांगा."

"तुझ्या क्रुसाने आम्हांला तार."

"हं. मागणं तर आपलंच आहे," ती म्हणाली आणि सूप परत गरम करायला उठली.

जयसिंगराव तिथेच बसून राहिले. कुठल्याशा थंड मुलखातली कुणी बाई, सुजल्या गळ्याची, त्यांना दिसायला लागली. तिनेही रात्री हे नाणं मुठीत धरून कुणालातरी हाक मारली असणार. तिची हाक कुठे गेली असेल, तिथेच आपलीही गेली असेल. दार भलतं नव्हतं. नुसतं आपण त्यावर आपली पाटी लावली होती. छातीतला प्रश्न उठला आणि निघून गेला, आणि त्यांना एकदम भूक लागली. गराडू तळायला सांगावेत असं वाटलं.

चंपाषष्ठीला मोहन सकाळीच आला. वांग्याच्या भरताचा आणि रोडग्यांचा वास जिन्यापर्यंत होता. त्याने खिशातून मखमली डबी काढली. नवा टाक खरंच सुरेख होता, चांदीचा, घोडा, कुत्रा, तलवार, सगळं जागच्या जागी. पण देवघरातली मधली जागा रिकामी बघून त्याने विचारलं, "जुना लॉकरमध्ये ठेवला का, दादा?"

"रुचीच्या गळ्यात आहे."

मोहन आतल्या खोलीत डोकावला. रुची गळ्याला स्कार्फ गुंडाळून उशीला टेकून बसली होती. ताप उतरला होता, गाल अजून पुरीसारखा होता, आणि स्कार्फवर सोनं लोंबत होतं. मोहनचा हात नकळत स्वतःच्या कानाखाली गेला.

"मलाही झालं होतं ना हे? गलसुआ? आईने बांधला होता."

"होळीला. आणि तू तो दोरा पुढे किती दिवस काढू दिला नव्हतास. शाळेत घालून गेलास, मास्तरांनी मला बोलावून घेतलं," जयसिंगराव म्हणाले.

मोहन जरा हसला. मग व्यवहारावर आला. "तरी पण दादा, तळीपुरता तरी काढून घे. दो मिनट का काम. तळीत देव नको का?"

जयसिंगरावांनी ताट उचललं, नारळ सरळ केला, भंडाऱ्याची वाटी ठेवली.

"नाही काढायचा. तो ड्यूटीवर आहे. तुझा नवा बसव तळीत, तोही आपलाच. थोरल्याकडे बघून शिकेल."

मग देवघर सोडून ते ताट घेऊन रुचीच्या खोलीत गेले, आणि मोहन आणि यशवर्धन निमूट मागून गेले. तिघांनी तिच्या खाटेसमोर तळी उचलली. जयसिंगरावांना ज्या आवाजाची धास्ती होती, तो असा निघाला, की खाली झेरॉक्सवाल्याने गिऱ्हाइकाचा कागद तसाच हातात धरून वर बघितलं. सदानंदाचा येळकोट. रुचीला हसायचं होतं पण गाल दुखत होता, म्हणून तिने नुसत्या टाळ्या वाजवल्या.

प्रमोदिनीबाईने मूठभर भंडारा उधळला. उशीवर पडला, स्कार्फवर पडला, नाण्यावरही पडला. जयसिंगराव वाकले, चष्मा कपाळावर चढवला आणि नाणं बोटांवर घेतलं. हळद नेमकी पंखांच्या खोबणींत जाऊन बसली होती, दोन्ही खांद्यांमागे, पिवळीधमक.

"हे बघ, मोहन," ते म्हणाले, "मी काय सांगत होतो इतकी वर्षं? हा भंडाराच आहे."